लाल कार्डाचे नव्वद दिवस

मी गेमचा रिमोट बोलतोय. खोक्यावर माझं नाव कंट्रोलर असं छापलेलं होतं, पण चिखलीतल्या या घरात मला रिमोटच म्हणतात. टीव्हीचा खरा रिमोट गादीखाली गेला की बोलणी मला बसतात. रंग काळा, अंग दोन मुठींत मावेल एवढं. अंगावर बरीच बटणं आहेत आणि दोन छोट्या दांड्या, ज्यांवर माणसांचे अंगठे टेकतात. माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात. मी आधी अंगठ्यावरून ओळखतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला हातात धरलं की माझं तोंड खेळणाऱ्याकडे होतं आणि पाठ टीव्हीकडे. त्यामुळे इतकी वर्षं झाली, पण मी एकही गेम पाहिलेला नाही. पाहिलेत ते चेहरे. समोरच्याच्या भुवया वर गेल्या, जीभ दाताखाली आली, की समजायचं, पडद्यावर काहीतरी झालं. काय झालं ते मी अंदाजाने जुळवतो. म्हणूनच असेल, मला प्रश्न फार पडतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत मी शेवटच्या टेबलापाशी आलो, तिथे एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं. तिने हातमोजे घातले होते. तिचा अंगठा कसा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, ही रुखरुख अजून आहे. मग खोकं, मग जहाज, मग ट्रक, आणि पिंपरीतल्या एका दुकानाचं काचेचं कपाट.

तिथून मला मिनलने आणलं. ती तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधणं हे तिचं काम. तिचं लग्न व्हायचं होतं. पहिला दिवाळी बोनस हातात आला तशी ती तडक दुकानात शिरली आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रासकट मला घेऊन घरी गेली. तिची आई म्हणाली, "अगं, कानातलं घ्यायचंस." मिनल म्हणाली, "कानातलं घालून कुठे जाता येतं का?"

तिला जायचं होतं ते डोंगराकडे. ती खेळायची त्या गेममध्ये म्हणे एक मोठा मुलूख आहे. नद्या आहेत, कुरणं आहेत, आणि उत्तरेला आडवा पसरलेला डोंगर. खेळणाऱ्याला कामं दिलेली असतात. अमक्याची चिठ्ठी तमक्याला पोचव, हरवलेली मेंढी शोध. मिनल त्यातलं एकही काम धड करायची नाही. तिला दिसायचा तो डोंगर, आणि त्याच्या पलीकडे काय आहे एवढंच तिला हवं असायचं. तिचा अंगठा अगदी हलका. दांडीवर फुलपाखरू बसावं तसा बसायचा, आणि चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, एकदा तरी मान वळवून मागे पाहता यावं.

मग तिचं लग्न झालं आणि तिच्या बॅगेतून मी चिखलीला आलो. नवरा बुद्धरत्न. चाकणच्या बाजूला, निघोज्याजवळच्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. तिथे गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनतात. त्याने मला पहिल्यांदा हातात घेतलं ते उलटं. बटणांकडे बघितलंच नाही. माझे दोन अर्धे भाग जिथे जुळलेत, त्या रेघेवरून त्याने नख फिरवलं.

"पार्टिंग लाइन बघ," तो मिनलला म्हणाला. "कुठे धार नाही, कुठे ओघळ नाही. कुणीतरी मन लावून साचा केलाय राव."

माझ्या पोटाकडे इतक्या प्रेमाने पाहणारा हा पहिलाच माणूस. मला तो तिथेच आवडला.

त्याचा अंगठा मात्र भलताच जड. बटण असं दाबायचा, जणू ते पुढच्या लाइनला पाठवण्याआधी तपासून घेतोय. आणि खेळायचा कामं संपवायला. यादीतली चिठ्ठी पोचली, मेंढी सापडली, पुढचं काय, असं त्याचं चालायचं. मिनल त्याला चिडवायची, "तू गेममध्येसुद्धा शिफ्ट करतोस." तो म्हणायचा, "आणि तू नुसती भटकतेस. टार्गेट नको का काही?"

दोघांच्या सुट्ट्यांचा मेळ बसत नाही. त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, तिला शनिवार-रविवार. त्यामुळे त्याची फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळच्या चहानंतर ती दोघं दिवाणावर बसायची आणि मी आलटूनपालटून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचो. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बुद्धरत्न एरवी कामापुरतं बोलतो. पण अंगठे माझ्यावर असले आणि डोळे टीव्हीकडे असले, की त्याच्या पोटातलं आपोआप बाहेर येतं. बॉस टाकून बोलला, आईचा डोळा दुखतोय, कॉलेजात असताना एका विषयात दोनदा नापास झालो होतो, हे सगळं त्याने मिनलला सांगितलं ते तिच्याकडे न बघता. माणसांना खरं बोलायला हातात काहीतरी का लागतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

या घरात आणखी एक रीत आहे. दर एक जानेवारीला वर्षाची उद्दिष्टं लिहायची. बुद्धरत्नच्या कंपनीत शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, मोठा फळा असतो, त्यावर वर्षाचं टार्गेट आणि दर महिन्याला हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. त्याने तेच घरी आणलं. फ्रिजच्या बाजूला पांढरा चकचकीत, लिहून पुसता येणारा कागद चिकटवला, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे बुद्धरत्न, उजवीकडे मिनल. पहिल्या वर्षी त्याने लिहिलं, वजन आठ किलो कमी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, क्वालिटीची परीक्षा. तिने लिहिलं, हायवेला स्कूटर चालवणे, पोहायला शिकणे आणि डोंगरापलीकडचं गाव बघणे.

"हे शेवटचं कुठे मोजणार?" त्याने विचारलं होतं.

"मोजायचं नाही. बघायचं," ती म्हणाली होती.

त्या वर्षी त्याला एक हिरवा ठिपका मिळाला, आईच्या डोळ्यांचा. तिला स्कूटरचा मिळाला. डोंगर तसाच राहिला. माणसं दरवर्षी नवं काहीतरी व्हायचं ठरवतात, याचं मला नवल वाटतं. मी जो घडलो तोच आहे. रबर झिजलंय, एवढाच फरक.

मग मिनलला दिवस गेले. एका संध्याकाळी खेळता खेळता बुद्धरत्नचे अंगठे अचानक थांबले. तो टीव्हीकडेच बघत म्हणाला, "मला बाप होता येईल का गं?" मिनलने त्याच्या हातातून मला काढून घेतलं नाही, वळून त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला ठाऊक होतं, बघितलं की हा गप्प होईल. ती एवढंच म्हणाली, "मला तरी कुठे आई होता येतंय अजून? बघू दोघं मिळून." त्याने परत बटण दाबलं, पण त्या वेळी हलकं.

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली. तिचं नाव मैत्री. घरात तिसरं माणूस होतंच, बुद्धरत्नची आई चतुराबाई. ही चौथी. त्यानंतर महिनाभर मला कुणी हात लावला नाही, आणि त्यात मला काही वाईट वाटलं नाही. एवढासा जीव घरात आला की बाकीच्यांनी थोडं सरकून घ्यायचंच.

पण एक जानेवारी आली. त्या दिवशी गुरुवार होता. चतुराबाई दरवर्षीप्रमाणे शेजारच्या बायकांबरोबर भीमा कोरेगावला मानवंदनेला गेल्या होत्या. एरवी हे दोघंही जातात, पण पोर महिन्याची म्हणून राहिले. मिनल आत बाळाला घेऊन पडली होती, अंगात त्राण नव्हतं तिच्या. बुद्धरत्न एकटाच फ्रिजसमोर उभा राहिला. कंपनीच्या सवयीने तो लिहिताना मोठ्याने बोलतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मैत्रीचे सगळे डोस वेळेवर. वजन दहा किलो कमी. क्वालिटीची परीक्षा. गेम शून्य." मग तो उजवीकडच्या रकान्याशी थबकला. आत डोकावून आला. मिनलचा डोळा लागला होता. परत येऊन त्याने तिच्या नावाखाली लिहिलं, "बाळाकडे लक्ष." एकच ओळ. ती लिहिताना त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिला विचारायला उठवावं कशाला, एवढंच.

त्यानंतर तो माझ्याकडे वळला. त्याच्या हातात एक लाल कार्ड होतं.

हे कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. त्याच्या कंपनीत दर तिमाहीला शॉप आवरतात. जी वस्तू कामाची वाटत नाही तिला लाल कार्ड बांधायचं आणि एका कोपऱ्यात ठेवायचं. नव्वद दिवसांत कुणी वापरली, तर त्याने कार्डाच्या मागे तारीख घालून सही करायची. कुणीच वापरली नाही, तर ती वस्तू भंगारात किंवा ज्याला हवी त्याला. नियम साधा आणि चोख. बुद्धरत्नचा त्यावर फार जीव. एकेक कोरं कार्ड तो खिशातून घरी आणायचा.

"वस्तू, गेम रिमोट, नग एक," तो लिहीत गेला. "जागा, टीव्हीखाली. कारण, उद्दिष्टाला अडथळा. कार्ड लावणार, बुद्धरत्न. वापरणाऱ्याला विचारले का?" तिथे दोन चौकोन होते, हो आणि नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि 'हो'वर खूण केली. वापरणारा मीच, आणि मला विचारून झालंय, असा त्याचा हिशेब असावा.

माझ्या मानेला दोरी बांधली गेली आणि बेडरूममधल्या कपाटावरच्या निळ्या क्रेटमध्ये माझी रवानगी झाली. तिथे भांड्याविना मिक्सर होता आणि तडा गेलेलं हेल्मेट. दोघंही आपल्या नशिबाबद्दल निवांत होते. मी नव्हतो.

कपाटावरून छत दिसायचं आणि घर ऐकू यायचं. बुद्धरत्नने बाळासाठी तासावारी तक्ता केला होता. दूध किती वाजता, झोप किती वाजता, लंगोट किती. कंपनीतून आला की पायातले बूट काढायच्या आधी तो तक्ता बघायचा. "दोन ते चारची नोंद नाही," तो म्हणायचा. मिनल आधी भांडायची. "मी काय मशीन आहे का, दर तासाचं प्रॉडक्शन लिहायला?" पुढे पुढे तिने भांडणंही सोडलं. एकदा तिने पाणी घ्यायला फ्रिज उघडला, बंद केला आणि बराच वेळ तिचं पाऊल हललं नाही. ती तो कागद वाचत होती. मग ती पाणी न घेताच आत आली. बुद्धरत्न हॉलमध्येच होता. ती त्याला काही बोलली नाही, आणि त्यालाही काही कळलं नाही. मिनलसारखी बाई गप्प झाली की घर कसं होतं ते मी ऐकलंय. मला तिची फार काळजी वाटायला लागली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी क्रेट हलली. मिनलने चढायला स्टूल घेतलं होतं, खांद्यावर मैत्री झोपलेली. तिने मला बाहेर काढलं आणि दिवाणावर बसून कार्ड वाचू लागली. आता बाळाशी बोलायची सवय लागल्यामुळे सगळं मोठ्यानेच. "ऐक गं, तुझा बाबा काय लिहितोय. उद्दिष्टाला अडथळा. आणि हे बघ, वापरणाऱ्याला विचारले का? हो." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "कुणाला विचारलं गं याने? मी आणलेला रिमोट आहे हा."

तिने मांडीवर मैत्रीला घेतलं, तिच्याभोवतून दोन्ही हात पुढे आणले आणि हातांत मी. त्यामुळे मला दोन चेहरे दिसत होते. खाली झोपलेला, वर जागा. फुलपाखरू परत येऊन बसलं. ती डोंगराच्या दिशेने चालू लागली असणार, कारण तिचा चेहरा हळूहळू माझ्या ओळखीचा झाला. वीस मिनिटं झाली असतील. मैत्रीने तोंड वाकडं केलं तसं मिनलने मला बाजूला ठेवलं, तिला पाजलं, मग पेन शोधून कार्डाच्या मागे तारीख घालून सही केली. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. नियम आहे ना, मग नोंद करायची.

अशी ती अधूनमधून येऊ लागली. रोज नाही. ज्या दुपारी बाळ मांडीवरून खाली उतरायला तयार नसेल त्या दुपारी. आणि मी कपाटावर परत गेलो की खालून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. वीस मिनिटांत माणूस एवढं बदलतं कसं, तेही जागेवरून न हलता, हा माझा आणखी एक न सुटलेला प्रश्न.

एकदा चतुराबाई दुपारची झोप सोडून अचानक बाहेर आल्या. मिनलने मला पदराखाली ओढलं.

"काय करायलीस गं?" चतुराबाई म्हणाल्या. "अन् लपवायलीस कशाला? मी काय पोलीस हाय का?"

"काही नाही आई, जरा गेम."

चतुराबाई शेजारी टेकल्या. टीव्हीकडे बघता बघता त्यांचे डोळे बारीक झाले. ऑपरेशन झालेला डोळा त्या मुद्दाम मोठा करून बघतात. "ती गाय कुणाची हाय?"

"कुणाची नाही. गेममधली आहे."

"असं कसं? गाय हाय म्हंजी कुणाची तरी असणारच. आण इकडं."

असा मी चतुराबाईंच्या हातात गेलो. काय अंगठा होता तो! कडक, चिरा पडलेला, दाबला की नेमका तिथेच. भोसरीच्या एका कंपनीत बावीस वर्षं त्या पॅकिंगला होत्या, तिथे तो घडलेला. त्या डोंगराकडे गेल्या नाहीत. मालक भेटेल म्हणून त्या गाईच्या मागे मागे सगळं कुरण हिंडल्या. मिनल हसून हसून लाल झाली.

खेळून झाल्यावर मिनलने कार्डावर सही केली. चतुराबाईंनी पेनासाठी हात पुढे केला.

"तुमचं राहू द्या आई."

"का राहू द्या? आंगठा लावीन वाटलं का? सही येती मला." आणि मग त्यांनी सांगितलं. पगाराच्या दिवशी शाईचा डबा पुढे यायचा, अंगठा बुडवायचा, उमटवायचा. दिवसभर तो निळा अंगठा साडीत लपवायचा. चाळिशीत त्या विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. पहिल्यांदा रजिस्टरात सही केली, तेव्हा कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "तवर त्यानं माझं त्वांड कदी बघितलंच नव्हतं बाई." त्यांनी कार्डावर सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबत लिहिलं, चतुराबाई. माझ्या गळ्यात इतकी मोलाची वस्तू याआधी कधी नव्हती.

आता एक गुपित. बारा फेब्रुवारीच्या गुरुवारी दोघी बाळाला घेऊन देहूरोडला मिनलच्या मावशीकडे गेल्या होत्या. नळ दुरुस्त करायला माणूस यायचा म्हणून बुद्धरत्न घरी थांबला. नळवाला काम करून गेला आणि क्रेट हलली. बुद्धरत्नने मला खाली घेतलं, टीव्ही लावला. त्या गेममध्ये दोघांचे रस्ते वेगळे जपलेले असतात, त्याने आपला उघडला. दहा मिनिटं त्याने बटणं अशी दाबली की माझं अंग दुखलं. ओठ हलत होते, पण शेजारी कुणी नव्हतं. मध्येच तो थांबला आणि दिवाणावरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. सांगायचं खूप होतं त्याला, ते मला त्याच्या अंगठ्यांतून कळत होतं. मग त्याने टीव्ही बंद केला, रुमालाने मला पुसलं आणि जागेवर ठेवून दिलं. कार्ड उलटलं नाही. सहीही केली नाही.

एप्रिल लागला. दोन तारखेला गुरुवार होता. जेवणं झाल्यावर बुद्धरत्न क्रेट घेऊन हॉलमध्ये आला. "चला, रिव्ह्यू. मुदत काल संपली. रिमोटसाठी कुलदीपला सांगून ठेवलंय, माझ्या लाइनवरचा. पाच वाजता न्यायला येतोय."

मिनल मैत्रीला थोपटत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, संपलं.

मिक्सर भंगारात गेला. हेल्मेट गेलं. मग मी. बुद्धरत्नने कार्डाची पुढची बाजू मोठ्याने वाचली आणि कार्ड उलटलं. "वापर..." म्हणाला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. सतरा वेळा मिनल. पाच वेळा चतुराबाई.

"म्हणजे मी तिकडे लाइनवर उभा, आणि तुम्ही इकडे," त्याचा आवाज चढला. "मैत्रीकडे कोण बघत होतं?"

"मीच," मिनल म्हणाली. "सतराही वेळा ती माझ्या मांडीवर होती. तक्ता काढ, तारखा जुळव. एक तरी दूध चुकलंय का सांग." मग ती उठून उभी राहिली. "आता फ्रिजवर माझ्या नावाखाली काय लिहिलंय ते वाच."

"बाळाकडे लक्ष."

"हे माझ्याच रकान्यात का? तुझ्यात का नाही? आणि माझं बाकीचं सगळं कुठे गेलं? मी होते ना रे त्या कागदावर. तीन महिने झाले, मी रोज तिथे स्वतःला शोधते." "आता कार्ड सुलटं कर. वापरणाऱ्याला विचारले का? हो. कुणाला विचारलंस, बुद्धरत्न?"

त्याने कार्ड सुलटं करून आपलीच खूण पाहिली. न विचारता 'हो'वर खूण करणं म्हणजे खोटी नोंद. कंपनीत हेच कुणी केलं असतं, तर याने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली असती.

"माझी बी सही हाय तिथं," कोपऱ्यातून चतुराबाई म्हणाल्या. "मला बी कुणी विचारलं न्हाई."

बुद्धरत्न खाली बसला. मी त्याच्या हातात होतो. टीव्ही बंद होता, तरी त्याचे दोन्ही अंगठे माझ्या दांड्यांवर जाऊन टेकले. तो माझ्याकडे बघत बोलू लागला.

"मला भीती वाटते गं. एवढीशी पोर. तिला घेतलं की माझे हात कापतात. मला त्यातलं काही कळत नाही, मला फक्त तक्ता भरता येतो. म्हटलं, सगळं लिहून काढलं तर चूक होणार नाही. आणि पहिली चूक तिथेच केली."

मग त्याने खिशातून पेन काढलं. क्वालिटीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं तेही वाचता येतं, आणि शेजारी सही, तारीख. त्याने 'हो'च्या खुणेवर तशी रेघ मारली, 'नाही'वर खूण केली, सही केली. कार्ड उलटलं. मला वाटलं, आता निर्णय लिहील. पण त्याने सगळ्या सह्यांच्या खाली लिहिलं, बारा फेब्रुवारी, बुद्धरत्न.

मिनलने वाकून वाचलं. "तूसुद्धा?"

"दहा मिनिटं. मजा नाही आली." तो आता तिच्याकडे बघत होता, सरळ, हातातलं सोडून. "शेजारी तू नव्हतीस."

पाच वाजता कुलदीपचा फोन आला. बुद्धरत्न म्हणाला, "भावा, सॉरी. रिमोट नाही देता येणार. वापरात आहे."

फ्रिजवरची ओळ तीन महिन्यांत इतकी सुकली होती की नुसती पुसून जाईना. मिनलने ओल्या फडक्याने घासली, तरी पुसट डाग राहिलाच. 'बाळाकडे लक्ष' आता मधल्या रेघेवर, दोन्ही रकान्यांत पसरून लिहिलंय. 'गेम शून्य'वर एक सरळ रेघ आहे, शेजारी सही आणि तारीख. उजवीकडे पोहायला शिकणे आहे, आणि डोंगरापलीकडचं गाव.

लाल कार्ड अजून माझ्या गळ्यात आहे. निर्णयाचा रकाना भरायला सगळेच विसरले आणि मी आठवण करून देणार नाही. माझी डावी दांडी आता सैल झालीय, रबर तर नावालाच उरलंय. आणखी किती दिवस चालेन सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात मिनल कामावर जाईल, तेव्हा मैत्री चतुराबाईंच्या, आणि शिफ्ट सुटल्यावर बुद्धरत्नच्या हाती असेल. तो परवा तिला घेऊन बसला होता. हात कापत होते, पण त्याने खाली ठेवली नाही.

तुमच्याही घरात जानेवारीत याद्या होत असतील. जरूर करा, मला त्या आवडतात. फक्त एखाद्या वस्तूला, किंवा माणसाला, कार्ड बांधण्याआधी त्या दोन चौकोनांपाशी जरा थांबा. आधी विचारा, मग खूण करा. नव्वद दिवस कपाटावर काढलेल्याची एवढी एक विनंती आहे.

आणि हो, परवाच मिनल डोंगर चढून पलीकडे गेली. संध्याकाळी, चहानंतर. मैत्री तिच्या मांडीवर जागी होती, बुद्धरत्न शेजारी. एकदम तिचा अंगठा थांबला. तिघांचेही चेहरे टीव्हीच्या उजेडात आले. पलीकडे गाव होतं, बर्फ होता की नुसतंच मोकळं रान, मला माहीत नाही. माझी पाठ होती. मी फक्त मिनलचा चेहरा पाहिला. लग्नाआधी ती जशी बघायची, अगदी तशीच बघत होती.

तेवढ्यात मांडीवरून मैत्रीने हात पुढे केला. आजवर तिचा अंगठा मुठीच्या आत दडलेला असायचा, मी कधी धड पाहिला नव्हता. तो बाहेर आला आणि माझ्या सैल दांडीवर टेकला. ओला होता. इतका लहान, की दाबला गेला नाही.